सोन्याचा तांबडा रंग



कामगार संघटनेचा माणूस व्याख्यानाला उभा राहिला की तो बोनसवर नाहीतर कंत्राटी पद्धतीवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते आणि ती रास्त आहे. आज मात्र मला सोन्यावर बोलावयाचे आहे. सोन्याच्या भावावर बोलण्याचा मला अधिकार नाही. आमच्या वर्गाचा आणि त्या भावाचा संबंध मुलीच्या लग्नापुरता येतो. माझा विषय सोन्याचा रंग हा आहे. दहावीनंतर माझी शाळा सुटली आणि पुढचे जे काही शिक्षण झाले ते पाळी संपल्यावर वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा मी जे सांगणार ते मला ज्या वाटेने समजले त्याच वाटेने सांगणार आहे.

सोन्याचा रंग कोणता, असे लहान मुलाला विचारले तरी ते पिवळा म्हणून सांगेल. सराफ कसोटीच्या दगडावर कस पाहतो तोही रंगावरूनच. परंतु हे पिवळेपण सोन्याच्या तुकड्याचे आहे. तोच तुकडा बारीक, आणखी बारीक, साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसू नये इतका बारीक केला, आणि ते कण पाण्यात सुटेसुटे ठेवले, तर ते पाणी माणकासारखे तांबडे दिसते. चांदीचे तसेच कण पाण्याला पिवळे करतात. एका तोळ्यात दोनशे लिटरहून अधिक पाणी चांगले तांबडे होईल, आणि त्यात सोन्याखेरीज रंग देणारे दुसरे काही नसेल. असे का व्हावे, हे कोणाला प्रथम दिसले आणि कोणाला प्रथम कळले, या दोन प्रश्नांचा इतिहास मला सांगावयाचा आहे. दिसणे आणि कळणे यांत पुष्कळ वर्षांचे अंतर पडलेले आहे, आणि आजकाल काही वक्ते ते अंतर एका उडीत ओलांडतात, म्हणून हा खटाटोप.

सुरुवात आपल्या गावापासूनच करू. १८५२ साली पनवेलला नगरपालिका मिळाली. बोरघाटाने उतरणारा माल आणि खाडीतून मुंबईकडे जाणारी गलबते यांची येथे गाठ पडत असे. अशा या बंदराच्या गावात १८७२ साली वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी आयुर्वेदीय औषधांचा कारखाना काढला. धूतपापेश्वर हे त्याचे नाव आपल्याला औषधांच्या बाटल्यांवरून परिचयाचे आहे. वैद्याने आपल्या ओसरीवर आपल्या रोग्यापुरते औषध घोटावे, ही जुनी रीत. कारखाना निघाला म्हणजे औषध देणारा आणि औषध घोटणारा ही दोन माणसे वेगळी झाली. इतिहास लिहिणारे पहिल्याचे नाव लिहितात. दुसऱ्याचे लिहीत नाहीत. असो. या कारखान्याच्या औषधांत सुवर्णभस्म आहे, आणि आपल्याला तेवढेच हवे आहे.

रसशास्त्राच्या पोथ्यांत भस्माची जी कृती सांगितली आहे ती ऐकण्यासारखी आहे. प्रथम सोन्याचे पातळ पत्रे करावयाचे. ते तापवून लाल करावयाचे आणि तिळाचे तेल, ताक, गोमूत्र, कांजी आणि कुळथाचा काढा यांत पाळीपाळीने विझवावयाचे, प्रत्येकात सात वेळा. याला शोधन म्हणतात. नंतर ते सोने पाऱ्याबरोबर खलात घोटावयाचे, गंधक घालावयाचा, लिंबाच्या रसात पुन्हा घोटावयाचे, त्याच्या टिकल्या करून वाळवावयाच्या, दोन मातीच्या परळांत बंद करून सांधा कापडमातीने लिंपावयाचा, आणि गोवऱ्यांची आच द्यावयाची. हे एक पुट. गार झाल्यावर फोडावयाचे, पुन्हा घोटावयाचे, पुन्हा पुट द्यावयाचे. असे पुष्कळ वेळा. पारा आचेवर उडून जातो. तो उडून कोणाच्या नाकात जातो, हा प्रश्न पोथीने विचारलेला नाही. हे मी कोणा एका कारखान्याबद्दल बोलत नाही, पोथीतल्या कृतीबद्दल बोलतो. आणि सोन्याचा मुलामा देणारे कारागीर जगभर पाऱ्याच्या वाफेने अकाली गेले, ही गोष्ट इतिहासात नमूद आहे.

आता भस्म तयार झाले, हे ओळखावयाचे कसे? तेव्हा प्रयोगशाळा नव्हत्या. पोथ्यांनी ज्या परीक्षा दिल्या त्या बोटांच्या आणि डोळ्यांच्या आहेत. चिमूट पाण्यावर सोडली तर ती तरंगली पाहिजे, ते वारितर. अंगठा आणि तर्जनी यांत चोळली तर ती बोटांच्या रेषांत शिरून बसली पाहिजे; ते रेखापूर्ण. आणि तिसरी परीक्षा मला सर्वांत जास्त आवडते. भस्म उन्हात धरून पाहावयाचे. त्यात कोठेही धातूची चमक, म्हणजे चंद्र, दिसता कामा नये. ते निश्चंद्र. सोन्याच्या अंगचा चंद्र मावळला की भस्म झाले.

श्रोतेहो, ही प्रकाशाची परीक्षा आहे. धातू किती बारीक झाला आहे हे प्रकाशाला विचारून घ्यावयाचे, असा तिचा अर्थ. ज्याने ती प्रथम लावली त्याचे निरीक्षण पक्के होते. आरसा फोडला तर प्रत्येक तुकड्यात तोंड दिसते. पण त्याचा कुटून चुरा केला तर चुऱ्यात तोंड दिसत नाही. सपाट पृष्ठभाग होता तोवर सगळा प्रकाश एका दिशेने परतत होता. चुऱ्याचे कोट्यवधी पृष्ठभाग तो दाही दिशांना उधळतात, आणि पुष्कळसा आतल्या आत अडकून नाहीसा होतो. जुन्या कृष्णधवल छायाचित्रातला काळा भाग म्हणजे बारीक सुटलेली शुद्ध चांदी असते, हे फोटोग्राफरांना ठाऊक आहे. चांदी काळी! चंद्र मावळलेली चांदी ती.

येथेच ती उडी मारली जाते. भस्मात सोन्याचे अतिसूक्ष्म कण आहेत, तेव्हा आपल्या पूर्वजांना नॅनोतंत्रज्ञान अवगत होते, असे व्यासपीठावरून सांगितले जाते आणि टाळ्या पडतात. उलट दुसरा एक वर्ग आहे, तो पोथीचे नाव काढले की नाक मुरडतो. मला दोन्ही पक्ष पटत नाहीत. चमक गेली हे पाहणे निराळे, ती का गेली हे सांगणे निराळे, आणि बारीक सोने तांबडे का दिसते हे सांगणे तर तिसरेच. हा तिसरा प्रश्न भस्माच्या खलात सुटला नाही, कारण तो तेथे उपस्थितच झाला नाही. तो ज्याने नीट विचारला त्याची हकीकत आता सांगतो.

मायकेल फॅरेडे १७९१ साली लंडनजवळ एका लोहाराच्या घरी जन्मला. बाप आजारी, घरात ओढग्रस्त. १८०१ च्या महागाईत या पोराच्या वाट्याला आठवड्याला एक पाव येत असे. वयाच्या चौदाव्या वर्षी तो पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागला आणि सात वर्षे तेथे राहिला. बांधायला आलेली पुस्तके तो वाची. संध्याकाळी शहरात विज्ञानाची व्याख्याने होत, दर व्याख्यानाला एक शिलिंग. ते शिलिंग त्याचा थोरला भाऊ देई, आणि तोही लोहारच. १८१२ साली दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या हम्फ्री डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. फॅरेडेने चार व्याख्याने ऐकली, टिपणे घेतली, ती स्वच्छ लिहून काढली, स्वतःच्या हाताने बांधली, आणि ती वही डेव्हीकडे पाठवून नोकरी मागितली. व्याख्यानमालेला येऊन मागच्या खुर्चीत वहीत काही खरडत बसणाऱ्या पोरांकडे चालकांनी जरा आदराने पाहावे, हे मला येथे सांगावेसे वाटते.

नोकरी लागलीच मिळाली नाही. १८१३ च्या सुरुवातीला तेथल्या एका मदतनिसाची उपकरणे बनविणाऱ्या कारागिराशी मारामारी झाली, मदतनिसाला काढून टाकण्यात आले, आणि त्या रिकाम्या जागेवर फॅरेडे लागला. आठवड्याला पंचवीस शिलिंग आणि माडीवर दोन खोल्या. (त्या काढलेल्या मदतनिसाची बाजू कोणी ऐकून घेतली होती की नाही, असा प्रश्न माझ्या मनात येतो. धंद्याची सवय, दुसरे काय!) पुढे विजेच्या शोधांनी फॅरेडेचे नाव झाले. ते आपण शाळेत शिकतो. सोन्याचे काम त्याने उतारवयात केले, ते फारसे कोणी शिकवत नाही.

त्याला जाणून घ्यावयाचे होते ते हे की, प्रकाशाच्या लाटेपेक्षा लहान असे पदार्थ तिच्या वाटेत ठेवले तर काय होते. एवढी लहान वस्तू आणावयाची कोठून? ती त्याला कारागिराने दिली. सोन्याचा वर्ख ठोकणारे कारागीर सोने इतके पातळ करीत की एका इंचात सुमारे दोन लाख ऐंशी हजार पाने बसावीत. कातड्याच्या थरांमध्ये ठेवून हातोड्याने ठोकून काढलेले हे काम. आपल्याकडचे वर्ख करणारेही याच रीतीने काम करीत आले. आजच्या मापात हे पान नव्वद नॅनोमीटर जाडीचे होते. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. प्रकाशाची लाट चारशे ते सातशे नॅनोमीटर लांब असते. म्हणजे हातोडा चालविणाऱ्या माणसाने प्रकाशाच्या लाटेपेक्षा पातळ वस्तू आधीच करून ठेवली होती, आणि त्या मापाचे नावही त्याला माहीत नव्हते. असा वर्ख काचेवर चिकटवून त्यातून पाहिले तर पलीकडचा उजेड हिरवा दिसतो. फॅरेडेने तो तापविला. हिरवा रंग गेला. मग गुळगुळीत अकीकाच्या दगडाने तो दाबला; हिरवा रंग परत आला. त्याने असे शेकडो नमुने केले.

यापेक्षाही पातळ थर हवे होते, म्हणून त्याने सोन्याच्या क्षाराच्या पाण्यावर फॉस्फरसचा प्रयोग करून तरंगती साय धरविली. ती काचेवर घेताना, भांडी धुताना, खाली फिकट तांबूस पाणी राहते असे त्याच्या ध्यानात आले. दुसऱ्याने ते मोरीत ओतले असते. फॅरेडेने ते साठविले आणि तपासले. पाणी वरवर पाहता निर्मळ दिसे. पण अंधाऱ्या खोलीत भिंगाने एकवटलेला प्रकाशाचा झोत त्यातून सोडला की झोताची वाट उजळून दिसे.

हे आपण रोज पाहतो. कौलातून कवडसा पडला की त्यात धूळ नाचताना दिसते, आणि कवडशाबाहेर तीच हवा स्वच्छ वाटते. फॅरेडेने सोन्याच्या पाण्यात कवडसा पाडला आणि ठरविले की हे विरघळलेले सोने नव्हे, हे तरंगणारे सोन्याचे कण आहेत. त्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकले तर तांबड्याचे निळे होते आणि काही वेळाने कण तळाशी बसतात. आधी थोडे सरस घातले तर मिठाचा परिणाम होत नाही, हेही त्याने पाहिले. केवळ कणांच्या आकारमानात फरक पडल्याने निरनिराळे रंग उमटतात, असा निष्कर्ष त्याने काढला आणि ५ फेब्रुवारी १८५७ रोजी रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला. तीन महिन्यांनी मीरतेला भडका उडाला. आपल्या शेजारच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत तेव्हा अकरा वर्षांचे होते.

फॅरेडेचा मदतनीस अँडरसन हा तोफखान्यातून निवृत्त झालेला सार्जंट होता. पूर्वी काचेच्या प्रयोगांच्या वेळी घरी जा म्हणून सांगायला मालक विसरला, तेव्हा हा गृहस्थ रात्रभर भट्टी पेटती ठेवून बसला होता, असे सांगतात. ही गोष्ट त्याच्या इमानाचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. जादा पाळीची मजुरी मिळाली काय, हे कोणी सांगत नाही.

कवडशाचा विषय निघाला म्हणून एक अनुभव सांगतो. कारखान्याचे नाव घेत नाही. तेथे धातूच्या भांड्यांना चमक देण्याचे खाते होते आणि त्या खात्यातली माणसे खोकत असत. व्यवस्थापनाचे म्हणणे असे की हवेत काही नाही, मोजणी मर्यादेत आहे. एक दिवस दुपारी छपराच्या पत्र्याच्या भोकातून ऊन आले. आमच्यातल्या एका म्हाताऱ्या पॉलिशवाल्याने साहेबाला बोलावून तो कवडसा दाखविला. पांढऱ्या खांबासारखा तो उभा होता. साहेब काही बोलला नाही, पण पुढच्या बैठकीत हवा ओढणाऱ्या पंख्यांचा विषय पहिला निघाला. कारखाना कायद्याला १९८७ साली हवेतल्या घातक द्रव्यांच्या मर्यादांची जोड मिळाली. त्यांतल्या बहुतेक वजनात होत्या, घनमीटरमागे इतके मिलिग्रॅम अशा. वजन सारखेच राहून वस्तू बारीक झाली तर काय होते, ते ऐका. एक सेंटिमीटरचा सोन्याचा घन घ्या. दीड तोळ्याहून थोडे जास्त सोने. त्याच्या सहा बाजूंचे क्षेत्रफळ सहा चौरस सेंटिमीटर, म्हणजे टपालाच्या तिकिटाएवढे. त्याचे दहा नॅनोमीटरचे बारीक घन केले तर सगळ्यांचे मिळून क्षेत्रफळ सहाशे चौरस मीटर होते. जवळजवळ सहा गुंठे! गुंठा म्हटला की पनवेलकरांचे कान टवकारतात, म्हणून हे माप निवडले. वजन तेच, आणि अंगावर येणारा पृष्ठभाग दहा लाख पट. फुप्फुसाची गाठ वजनाशी पडत नाही, पृष्ठभागाशी पडते.

पुन्हा मूळ रस्त्यावर येतो. तांबडी काच कारागीर फार पूर्वीपासून करीत होते. ब्रिटिश म्युझियममध्ये चौथ्या शतकातला एक रोमन पेला आहे. समोरून उजेड पडला तर तो हिरवा दिसतो, आत दिवा ठेवला तर तांबडा. त्याच्या काचेत सोन्याचांदीचे अतिसूक्ष्म कण आहेत. युरोपात सतराव्या शतकात सोने घालून माणकाच्या रंगाची काच करू लागले. भट्टीतून निघते तेव्हा ती जवळजवळ बिनरंगी असते, आणि पुन्हा शेकली की तांबडी होते, कारण त्या शेकण्यात सोन्याचे कण वाढतात. चर्चच्या रंगीत खिडक्यांतला पिवळा रंग पुष्कळदा चांदीचा असतो. या सर्वांना रंग कसा आणावयाचा ते माहीत होते. रिचर्ड झिग्मोंडी हा रसायनज्ञ जर्मनीत येना येथील शॉटच्या काचकारखान्यात नोकरीला होता, तेथे या तांबड्या काचेने त्याला पछाडले. १९०३ साली झाइस कारखान्याच्या सीडेनटोफबरोबर त्याने एक नवा सूक्ष्मदर्शक केला. त्यातली युक्ती कवडशाचीच: उजेड बाजूने सोडावयाचा आणि अंधाऱ्या पार्श्वभूमीवर पाहावयाचे. एकेक सोन्याचा कण चांदणीसारखा लुकलुकताना दिसला. १९२५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले.

आणि रंगाचे कारण? फॅरेडेला गणित येत नव्हते. त्याच्या मनातल्या बलरेषांचे गणित पुढे मॅक्सवेलने मांडले, आणि त्याच गणितावरून प्रकाश ही विजेची आणि चुंबकत्वाची लाट आहे असे निघाले. १९०८ साली ग्राइफ्सवाल्ड येथील गुस्ताव मी या प्राध्यापकाने मॅक्सवेलची समीकरणे एका सोन्याच्या गोळीला लावली. गोळी किती मोठी असता कोणता रंग गिळला जाईल, ते हिशेबाने निघाले आणि ते प्रयोगाशी जुळले. बुकबाइंडरच्या पोराने विचारलेला प्रश्न त्याच्याच कल्पनांच्या गणिताने पन्नास वर्षांनी सुटला.

हिशेब अवघड आहे, पण गोष्ट झोपाळ्याची आहे. धातूत इलेक्ट्रॉन मोकळे असतात; म्हणून तर त्यातून वीज वाहते. प्रकाशाची लाट आली की ती त्यांना एकदा इकडे, एकदा तिकडे लोटते. मोठ्या तुकड्यात हे लोटणे वरच्या थरातच विरते आणि बराचसा प्रकाश परत फेकला जातो. तीच धातूची चमक. सोन्याच्या बाबतीत निळा भाग तेवढा गिळला जातो, म्हणून परतणारा उजेड पिवळा. पण कण वीस नॅनोमीटरचा असेल आणि लाट पाचशेची, तर सबंध कण एकाच वेळी एकाच बाजूला लोटला जातो. परातीत पाणी घेऊन परात हलवली म्हणजे पाणी जसे काठापासून काठापर्यंत हिंदकळते, तसे त्यातले सगळे इलेक्ट्रॉन मिळून हिंदकळतात. आणि परातीतल्या पाण्याला जशी आपली एक लय असते, तशी यांनाही असते. झोपाळ्याला त्याच्या लयीत धक्का दिला तर तो उंच जातो, लय सोडून दिला तर नुसता खडखडतो. सोन्याच्या बारीक कणांची लय हिरव्या प्रकाशाशी जुळते, सेकंदाला सुमारे सहा लाख अब्ज हेलकावे. म्हणून हिरवा रंग तेथे खर्च होतो आणि उरलेला उजेड आपल्याला तांबडा दिसतो. चांदीच्या कणांची लय जांभळ्याशी जुळते, म्हणून उरलेला पिवळा. मीठ टाकले की कण एकमेकांना चिकटतात. दोन झोपाळे दोरीने जोडले तर एकाची ओढ दुसऱ्याला लागते, तशी लय मंदावते, तांबडा भाग गिळला जाऊ लागतो, आणि पाणी निळे दिसते.

आता भस्माकडे परत चला. ऑस्ट्रेलियातले संशोधक आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतले संशोधक यांनी मिळून सुवर्णभस्माची तपासणी केली आणि २००७ साली ती प्रसिद्ध केली. ते जवळजवळ शुद्ध सोने निघाले, आणि त्यातले स्फटिक पन्नास-साठ नॅनोमीटरच्या घरातले निघाले. म्हणजे पुटे आणि घोटाई वाया गेलेली नव्हती. पण हे स्फटिक एकमेकांना चिकटून त्यांचे कितीतरी मोठे गड्डे झालेले असतात. म्हणूनच भस्म बशीत घेतले तर ते तपकिरी मातकट दिसते, माणकासारखे दिसत नाही. चंद्र मावळला आहे, झोपाळा सुटलेला नाही. सोने बारीक करणे ही एक विद्या आणि ते सुटे ठेवणे ही दुसरी. पहिली खलाने साधली. दुसरीला फॅरेडेचे पाणी लागले. लिंबाचा रस दोन्हीकडे दिसतो, कारण १९५१ पासून प्रयोगशाळेत सोन्याचे कण करावयास लिंबातल्या आम्लाचाच क्षार वापरतात. पण या योगायोगावरून कोणी नवी उडी मारू नये. भस्माने रोग किती बरा होतो हा वैद्यडॉक्टरांचा प्रांत आहे, त्यात मी पडत नाही. मला एवढेच म्हणावयाचे आहे की निश्चंद्राची परीक्षा शोधणाऱ्याला त्याच्या स्वतःच्या कामाचे श्रेय द्या. फॅरेडेच्या कामाचे श्रेय त्याच्या नावावर लिहिले तर त्याचे खरे काम कोणते होते हे आपणच विसरून जाऊ.

असल्या तरंगत्या सूक्ष्म कणांच्या पदार्थाला कलिल म्हणतात. ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंनी पुण्याला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन केले, तिचे पहिले संचालक जेम्स मॅकबेन यांनी जन्मभर कलिलांचाच अभ्यास केला होता, विशेषतः साबणाच्या पाण्याचा. त्याच प्रयोगशाळेत मुरली शास्त्री, अबसार अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकाच्या सुरुवातीला बुरशीकडून आणि झाडपाल्याकडून सोन्याचांदीचे कण करवून घेण्याचे काम हाती घेतले. कडुनिंबाचा पाला त्यांनी वापरला. आणि २००४ साली त्यांनी जे प्रसिद्ध केले ते आपल्या परसातले आहे: गवती चहा. पाने उकळून काढलेल्या पाण्यात सोन्याच्या क्षाराचे द्रावण मिसळले, आणि काही तासांत त्यात सोन्याच्या सपाट त्रिकोणी चकत्या तयार झाल्या. पानांतली द्रव्ये क्षारातून सोने सोडवितात. आधी गोल कण होतात, ते एकमेकांत मिसळून त्रिकोण होतात.

त्रिकोणाचे महत्त्व लयीत आहे. गोल कणात इलेक्ट्रॉनांना हिंदकळायला सगळीकडे सारखीच जागा असते. पातळ, पसरट त्रिकोणात ती कडेपासून कोपऱ्यापर्यंत लांब होते. लांब परातीतले पाणी जसे सावकाश हिंदकळते, तशी येथे लय इतकी मंदावते की ती दिसणाऱ्या प्रकाशाच्या पलीकडे, उन्हातल्या न दिसणाऱ्या उष्ण किरणांशी जुळते. पुण्याच्या या मंडळींनी पुढच्या वर्षी हे त्रिकोण काचेवर चढवून पाहिले. उजेड आत यावा आणि उन्हातली आच काचेतच अडावी, अशा लेपासाठी ते उपयोगी पडतील, असे त्यांनी दाखविले. मे महिन्यात पश्चिमेच्या खिडकीशी बसून काम करणाऱ्याला याचे मोल समजावून सांगावे लागत नाही.

गोल कणांचा उपयोग तर आपण सर्वांनी करून झाला आहे. २०२१ साली घरोघरी करोनाची तपासणीपट्टी आली. दोन तांबड्या रेघा उमटल्या की घरात शांतता पसरायची. त्यांतल्या पुष्कळशा पट्ट्यांवरची, तसेच गरोदरपणाच्या तपासणीपट्टीवरची ती तांबडी रेघ सोन्याची असते. कणांना असे काही चिकटविलेले असते की ते ठरावीक जागीच अडावेत. पुरेसे कण एका रेघेत जमले की तेथला हिरवा प्रकाश गिळला जातो आणि आपल्याला तांबडे दिसते. त्या पट्टीत सोने किती असते, असे मला आमच्या एका सभासदाने विचारले होते. विकण्याइतके नसते.

फॅरेडेने भरून ठेवलेल्या सोन्याच्या पाण्याच्या काही बाटल्या लंडनला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आहेत. दीडशेहून अधिक वर्षे झाली, कण अजून तळाशी बसलेले नाहीत, आणि पाणी अजून तांबडे आहे.